डावा गुडघा आणि आखाजीची घागर

प्रिय सुमन,

तुला पत्र लिहायची ही पहिलीच वेळ. सदतीस वर्षांच्या संसारात तू माहेरी जाऊन जाऊन जायचीस कुठे, तर भडगावला. आणि भडगावची बस बहुतेक वेळा मीच चालवायचो. पत्र लागतंय कशाला! आज मात्र लिहायला बसलोय, कारण सकाळी मी अक्काशी खोटं बोललो.

तिचा पाचोऱ्याहून फोन आला होता. आधी माझे गुडघे विचारले, मग जेवण विचारलं, आणि मग आवाज खाली आणून म्हणाली, "भाऊ, सुमनना नावनी घागर बराबर भरी ना रे?"

मी म्हणालो, "भरी, अक्का."

"बरं झालं बा," म्हणाली आणि फोन ठेवला. घागर भरली हे खरंच आहे गं. पण त्यापुढचं मी गिळून टाकलं. घागर तुझी होती, तेव्हा आधी तुला सांगतो. अक्काचं नंतर बघू.

पण मुळापासून सांगायला हवं. तुझ्याशी थोडं भांडायचंही आहे.

तू गेलीस त्याला पंधरा दिवस झाले असतील. नाना घरी आले. हो, मेहरूण तलावावर रोज पहाटे फिरणाऱ्या तुमच्या ग्रुपचे नाना. पिंप्राळ्यात एवढ्या आतल्या गल्लीत ते पहिल्यांदाच आले. चहा घेतला, चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग म्हणाले, "प्रभाकरराव, मे महिन्यातल्या हिमालयाच्या ट्रेकचं विचारायचं होतं."

मी म्हणालो, "तिचं नाव काढून टाका."

"ते काढतो. पण तुमचंही आहे ना."

माझं? त्यांनी पिशवीतून फॉर्म काढून पुढे केला. अक्षर तुझं. नाव माझं, वय माझं, आणि खाली सहीसुद्धा माझी, तूच ठोकलेली! नवऱ्याची सही इतकी हुबेहूब कधी शिकलीस गं? 'तब्येतीच्या तक्रारी' असा एक रकाना होता. त्यात माझ्यापुढे लिहिलं होतंस, "डावा गुडघा दुखतो. पण चालतील."

आणि तुझ्या फॉर्मवर त्याच रकान्यात, "काही नाही."

सुमन, काही नाही? नाना म्हणाले, दिवाळीनंतर तू तलावाच्या चढावर दोनदा थांबायला लागली होतीस. विचारलं तर म्हणायचीस, स्वेटर जाड आहे. मला तर तेवढंही सांगितलं नाहीस. माझ्या गुडघ्याची नोंद केलीस आणि स्वतःच्या छातीची केली नाहीस. हे मला आवडलेलं नाही, आणि ते मी तुझ्या फोटोला रोज सांगतो.

माझंही चुकलंच. तीन वर्षं तू एकच गोष्ट मागत होतीस. साडी नाही, दागिना नाही. बर्फ बघायचा होता तुला. मी दरवर्षी गुडघा पुढे करायचो. तीस वर्षं बसचा क्लच दाबून हा डावा गुडघा गेलाय हे खरं आहे, पण तो काही इतका गेला नव्हता. खरं सांगायचं तर मला झोपाळ्यावरून उठायचा कंटाळा होता. मी म्हणायचो, "डोंगर काय पळून चाललाय?" आणि एकदा तू पोळ्या लाटता लाटता म्हणालीस, "डोंगर कोठे जास! वय पळी ऱ्हायनं ना आपलं." मी हसलो होतो. आता ते वाक्य कुठल्याही वेळी कानात येतं, भाजी घेतानासुद्धा.

तू गेलीस तो दिवस मी लिहीत नाही. एवढंच की ओट्यावर भरिताची वांगी भाजलेली तशीच होती आणि ती कुणी उचलली ते मला आजवर माहीत नाही.

नाना गेल्यावर मी तुझं कपाट उघडलं. हिरवा स्वेटर, कानटोपी, लोकरीचे मोजे, आणि मागे गुडघ्याच्या पट्ट्यांची दोन पाकिटं. एक वापरलेलं. दुसरं कोरं, त्यावर पेनानं लिहिलेलं, "ह्यांचा डावा." तिथेच खाली बसलो मी. मग ती पट्टी चढवून बघितली. मापात बसली! तसाच उठून नानांना फोन लावला आणि म्हणालो, "माझं नाव राहू द्या."

खरी अडचण पुढे आली. नानांनी तारखा सांगितल्या आणि मी भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. सहा दिवसांच्या चालीत खिंड ओलांडायचा दिवस नेमका आखाजीचा; चौकोनात अक्षय्य तृतीया छापलेलं. तुझी पहिली आखाजी! गेलेल्या माणसाच्या नावानं मातीची घागर भरायची, तिच्यावर खरबूज, आपलं डांगर, ठेवायचं, गोड सांजोऱ्या ठेवायच्या, की वर गेलेलं माणूस पाणी पितं. त्यातून पहिल्या वर्षाची घागर. ती चुकली तर माणूस तहानलेलं राहतं, असं आपल्याकडे सगळेच मानतात. मीही मानतो. तू हयात असतीस तर मानत नाही म्हणालो असतो.

अक्काला सांगितलं तर ती भडकलीच. "पहिली घागर शे तिनी! घर सोडीसन डोंगरवर कोन जास रे? लोके काय म्हनतीन?"

मी म्हणालो, "अक्का, तिनंच नाव घातलंय माझं."

"ती गयी. तू ते शे ना आठे!"

चार दिवस ती बोलली नाही. आपल्या लेकीनं, पल्लवीनं, पुण्याहून बूट पाठवले, तेव्हा अक्काला फोन करून मी सांगितलं की बूट आले, तर तिनं नुसतं "हं" केलं.

आणि निघायच्या दिवशी ती जळगाव स्टेशनावर हजर! पाचोऱ्याहून सकाळच्या गाडीनं आलेली, एका हातात डबा, दुसऱ्या हातात जुन्या साडीत गुंडाळलेलं काहीतरी. सोडून बघतो तर घागर. कुंभाराकडून मुद्दाम छोटी करवून आणलेली, लाल, तांब्यापेक्षा जरा मोठी. "जास ते जाय," म्हणाली, "पन रिकामा हाते जाऊ नको. पानी ते पानीच शे. जठे आखाजी उगी तठे भर." डब्यात सांजोऱ्या होत्या. डांगर नानांनी आपल्या पिशवीत घेतलं, आणि गाडी सुटेपर्यंत अक्का खिडकीशी उभी राहून घागर कशी धरायची ते सांगत होती.

तुझा हिरवा स्वेटर घागरीला गुंडाळला आणि ती पाठीवरच्या पिशवीत ठेवली. दिल्लीपर्यंत मांडीवर, पुढे घाटातल्या बसमध्येही मांडीवर. ड्रायव्हर वळणावर ब्रेक उशिरा लावत होता. मी गप्प बसलो. तुला पटणार नाही, पण बसलो.

आम्ही बाराजण होतो. तुझ्या त्या ग्रुपमध्ये मीच सगळ्यात नवा आणि मीच सगळ्यात मागे. पहिल्या दिवशी देवदारांतून चढ होता. तासाभरात डावा गुडघा बोलायला लागला, दोन तासांत उजवाही सामील झाला. वाटाड्या बलबीर माझ्याच वयाचा, केस पांढरे, चाल मात्र बकरीची. तो मागे येऊन म्हणाला, "बाबूजी, बैग खच्चर पे दे दो." मी बाकीचं सामान दिलं. घागरीची पिशवी दिली नाही. "इसमें क्या है?" तो म्हणाला. मी म्हणालो, "घरवाली का पानी." त्याला काय कळलं कोण जाणे, पण त्यानं परत विचारलं नाही.

चढाला मी माझी एक युक्ती काढली. लळिंग घाटात भरलेली गाडी जशी पहिल्या गिअरवर न थांबता चढवायचो, तसा चाललो. छोटी पावलं, थांबायचं नाही, घाई करायची नाही. चढ जमला गं! उतारानं मात्र जीव काढला. एका टेकडीवरून ओढ्यात उतरायचं होतं तर प्रत्येक पावलाला गुडघ्याच्या वाटीत कुणीतरी खिळा ठोकतंय. एक म्हातारी बाई पाठीवर गवताचा भारा घेऊन माझ्या शेजारून उतरून गेली आणि मागे वळून हसली. काठी टेकत, उलटा होत, एकदा तर चक्क बसून घसरत उतरलो. संध्याकाळी नाना माझी पट्टी काढून गुडघ्याला तेल चोळत म्हणाले, "वहिनींनी फॉर्मवर लिहिलंय, 'पण चालतील.' आता तुम्ही त्यांना खोटं पाडू नका."

तिसऱ्या दिवशी बर्फ लागला. आधी झाडांच्या सावलीत मळके तुकडे, मग सगळीकडे. ग्रुपमधल्या बायका लहान पोरींसारख्या ओरडल्या. मी खाली वाकून मूठभर उचलला आणि तोंडात टाकला, तुझ्या वतीनं. आठवतं? उन्हाळ्यात फ्रीजमधला बर्फाचा ट्रे काढून तू ओट्यावर बत्त्यानं फोडायचीस आणि कडाकडा चावायचीस. दुपारी माझी झोपमोड व्हायची. दातांच्या डॉक्टरानं ओरडून सांगितलं तरी ऐकलं नाहीस. माठातलं पाणी दिलं की "गार नाही हो," फ्रीजचं दिलं तरी "गार नाही हो." एकदा मी चिडून म्हणालो होतो, तुला काय हिमालयातून आणून देऊ? तू म्हणालीस, आणा की.

चौथ्या दिवशी शेवटच्या मुक्कामाला पोहोचलो. तंबू बर्फाच्या कडेला, समोर खिंड. दुसऱ्या दिवशी आखाजी. बलबीरनं सांगितलं, उजाडायच्या आत निघायचं, ऊन चढलं की बर्फ मऊ होतो आणि पाय रुततात. मला काळजी पडली. घागर सकाळी ताज्या पाण्यानं भरायची असते, पण अंधारात, घाईत, ह्या गुडघ्यांनी ओढ्यापर्यंत उतरणार कधी आणि येणार कधी? म्हणून उन्हं असतानाच ओढ्यावर गेलो, घागर विसळली आणि काठोकाठ भरली. पिशवीतून आणलेल्या तुझ्या कुंकवाचं बोट लावलं.

आणि मग मी जे केलं ते फक्त आपल्याकडचा माणूसच करेल. घागर तंबूबाहेर एका दगडावर ठेवली. उघड्यावर, हवेशीर! मातीचं भांडं आहे, वारा लागला की पाणी गार राहील! जन्म गेला खान्देशातल्या उन्हात. पाणी जास्त गार होऊ शकतं ही गोष्ट डोक्यात यायची कुठून? तिथून जाणाऱ्या नानांनीही पाहिलं आणि म्हणाले, "छान जागा आहे. छान गार होईल."

झालंच गार! सकाळी तंबूची चेन उघडली तर घागरीला गळ्यापासून बुडापर्यंत चीर. हात लावला आणि तिचे तीन तुकडे बाजूला पडले. एक माझ्या बुटावर. आतलं पाणी बर्फ होऊन तसंच उभं होतं.

तुकडे गोळा करायला मी खाली बसलो. सुमन, मी बाप गेला तेव्हा रडलो नव्हतो, तू गेलीस तेव्हा लोकांसमोर रडलो नव्हतो. तिथे रडलो. एक काम दिलं होतं. चार दिवस पाठीवर वागवलं, मांडीवर घेतलं, खेचरावर दिलं नाही, आणि पहिल्या वर्षाची घागर माझ्या मूर्खपणानं फुटली. मला एकच दिसत होतं, तू ओट्याशी उभी आहेस, उन्हातून आलेली, आणि हातात रिकामा पेला. मी म्हणालो, नाना, तुम्ही व्हा पुढे, माझे गुडघे संपले. गुडघ्यांचं नाव पुन्हा पुढे केलं बघ मी!

बलबीर आला. तुकडे बघून म्हणाला, "बाबूजी, यहाँ मिट्टी में पानी कौन छोड़ता है!" मग माझं तोंड बघितलं आणि शेजारी उकिडवा बसला. बोटानं दाखवत म्हणाला, "पानी तो कहीं नहीं गया. ये रहा."

मी बघितलं. घागर नव्हती, पण घागरीच्या आकाराचा बर्फ होता. पोट, गळा, सगळं. मातीचा लाल रंग थोडा लागलेला, आणि माझ्या बोटाचं कुंकू एका खापरावर.

सांजोऱ्या काढून सगळ्यांना एकेक वाटली, एक तुझी ठेवली, आणि त्या रिकाम्या डब्यात तो बर्फ बसवला. गळा थोडा मोडावा लागला. खापरं तुझ्या स्वेटरात बांधली. पट्टी घट्ट ओढली आणि निघालो. त्या चढाचं काय सांगू? दहा पावलं, श्वास. दहा पावलं, श्वास. गुडघे दुखत होतेच, पण पाठीवर डब्यातलं पाणी हलकेच खुळखुळायला लागलं होतं आणि मला घाई झाली. तू वितळायच्या आत पोहोचायचं होतं. म्हणजे बर्फ. काय लिहितोय मी!

खिंडीत वारा एवढा की बोललेलं ऐकू येईना. एका सपाट दगडावर डबा उघडला. बर्फ निम्मा उरला होता, बाकी पाणी. शेजारी नानांनी डांगर ठेवलं, एवढ्या उंचीवरचं ते पहिलंच डांगर असेल. मी सांजोरी ठेवली, तुझं नाव घेतलं आणि अंगठ्यावरून पाणी सोडलं. अकराजणांनी एकेक ओंजळ सोडली. बलबीरनंही सोडली. शेवटी बर्फाचा तुकडा दगडावर ठेवला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "घे. आता तरी गार आहे का?"

सगळे हसले. मीही हसलो, आणि मग नानांनी माझा खांदा धरून ठेवला.

उतार दोन दिवसांचा होता. त्याबद्दल काही लिहीत नाही. चाललो एवढंच. तू लिहिलं होतंस तसं.

आता घरी येऊन आठ दिवस झाले. गुडघे शेकतोय, आंबा अजून खाल्लेला नाही. आखाजीची घागर भरल्याशिवाय आपण आंबा तोंडात घालत नाही, आणि माझी भरली की नाही हेच मला ठरवता येत नाही. तू प्यायलीस का गं? की फुटलेल्या घागरीचं पाणी पोहोचतच नाही? कुणाला विचारू?

इथपर्यंत लिहून पेन खाली ठेवलं होतं. मग उठलो, अक्काला फोन लावला आणि सगळं सांगितलं. ओढा, दगड, हवेशीर जागा, चीर, डबा, सगळं. मला वाटलं, आता ऐकावं लागणार.

तर पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला. म्हणाली, "भाऊ, तिले बरफ कितला आवडे रे! घागर तिनीच फोडी व्हई."

आणि ती हसायला लागली, आणि रडायला लागली, आणि मला म्हणाली, आंबा खा.

म्हणून मघाशी आंबा कापला. एक फोड तुझ्यासमोर ठेवली आहे, बाठ माझी. खापरं स्वेटरातून काढून तुळशीच्या कुंडीत ठेवली आहेत. पुढच्या आखाजीला घरीच घागर भरीन, मोठी, दारातल्या निंबाखाली, आणि सकाळी बर्फाचा ट्रे तिच्यात रिकामा करीन. लोके काय म्हनतीन ते म्हणोत. आणि उद्या पहाटे मेहरूणला जाणार आहे. नानांना शब्द दिलाय. चढावर तू जिथे थांबायचीस तिथे दोनदा थांबेन. गुडघा पुढे करणार नाही. चालेन.

तू मात्र आता पुन्हा म्हणू नकोस, गार नाही म्हणून.

तुझेच,
अहो